वायरीचे दुसरे टोक



आपल्या शाळेची संगणक खोली आषाढाच्या शेवटी नऊ दिवस बंद होती. "पाचवीतल्या एका पोराने बटण दाबलं आणि सगळी मशीनं जळाली," असे पारावर सांगत होते. आपले संगणक लोकवर्गणीतून आलेले आहेत. त्यामुळे कोणी असेही बोलले, की ज्यांनी वर्गणी दिली नाही त्यांच्याच पोराने मोडले. तो मुलगा त्यानंतर आठवडाभर शाळेत आला नाही.

मशीन एकही जळाले नव्हते. त्या मुलाने काहीच मोडले नव्हते. जे झाले ते माझ्या हातून झाले. मी गुरुजींना तसे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "नुसतं 'चुकलं' म्हणून मोकळी होऊ नकोस. काय झालं ते नीट शिकून घे आणि भिंतीवर लिही. वाचून लोकांना कळलं पाहिजे." म्हणून हा लेख. तो थोडा लांबला आहे आणि उभे राहून वाचावा लागणार, त्याबद्दल क्षमा असावी.

आधी खोलीत काय काय आहे ते सांगते. टेबलावर चार संगणक आहेत. पाचवा दुरुस्तीसाठी तालुक्याला गेला आहे. चारपैकी गुरुजींच्या खुर्चीजवळचा मोठा. सगळे धडे, चित्रे, कवितांच्या चाली त्यात साठवलेल्या आहेत आणि बाकीचे तिघे त्याच्याकडून मागून घेतात. एक पांढरी पेटी आहे, तिला दोन शिंगे आहेत. ती वायरलेसची. तिच्यामुळे चार टॅब वायरीशिवाय चालतात. आणि टेबलाखाली भिंतीला आठ भोकांची एक काळी डबी ठोकलेली आहे. चारही संगणकांच्या आणि त्या पांढऱ्या पेटीच्या वायरी या डबीत येतात. या डबीला स्विच म्हणतात. स्विच म्हटले की आपल्याला दिव्याचे बटण आठवते, पण हा तो नव्हे.

माझी आजी विचारते, "आगं, नेट नसलं तर ती चालतात कशी?" गावात मोबाइलची रेंज नसली तरी स्वयंपाकघरातून पडवीत हाक मारता येतेच की नाही? तसेच हे. खोलीतल्या खोलीत एकमेकांशी बोलायला बाहेरचे इंटरनेट लागत नाही. याला लोकल नेटवर्क म्हणतात. हे सांगण्याचे कारण, बंद पडले तेव्हा पहिले सर्वजण "नेट गेलं" असेच म्हणाले. नेट तर आपल्याकडे आठवड्यातून तीन दिवस जातेच. पण त्या दिवशी मोठ्या संगणकावरचा धडासुद्धा शेजारच्या संगणकावर उघडेना.

आता माझी चूक. त्या शनिवारी झाडण्याची पाळी आमच्या गटाची होती. दुरुस्तीला गेलेल्या संगणकाची वायर मागे राहिली होती. तिचे एक टोक स्विचमध्ये आणि दुसरे जमिनीवर लोळत होते. केरसुणीत सारखे अडकत होते. मी ते उचलले आणि स्विचमध्येच एक भोक रिकामे दिसले त्यात बसवून टाकले. टक्‌ असा आवाज झाला. वायर छान वर गोळा झाली, जमीन मोकळी झाली. मला तर फार बरे वाटले. घरी आईलाही सांगितले की आज मी वायरी आवरल्या.

सोमवारी पहिला तास पाचवीचा होता. त्या मुलाने पहिल्या संगणकाचे बटण दाबले. संगणक सुरू झाला, पण धडा येईना. दुसरा लावला, तोही तसाच. टॅब नुसते गोल गोल फिरत राहिले. स्विचचे हिरवे दिवे मात्र सगळे एकदम भराभर लुकलुकत होते. कोणीतरी ओरडले, "जळतंय, जळतंय!" गुरुजींनी मेन बंद केला. दुपारी समितीचे लोक आले आणि खोलीला कुलूप लागले. बटण कोणी दाबले याची चौकशी झाली. शनिवारी झाडले कोणी, हे मात्र कोणीच विचारले नाही. मलाही ते आठवले नाही, खरेच सांगते.

नागपंचमीला आईला न्यायला मामा आला. मामा तालुक्याच्या गावी कॅमेऱ्यांच्या आणि नेटच्या वायरी टाकण्याचे काम करतो. त्याला मी सगळे सांगितले. त्याने एकच विचारले, "दिवे सगळे एकदमच लुकलुकत होते का गं?" मी म्हटले हो. "मग जळलं काही नाही. चल, गुरुजींना विचारू."

खोली उघडल्यावर मामाने आधी काहीच चालू केले नाही. नुसते मोजले. "यंत्रं किती?" चार संगणक आणि पांढरी पेटी, म्हणजे पाच. "भोकं किती भरलीत?" सात. "मग जास्तीच्या दोन भोकांत काय आहे?" मी टेबलाखाली वाकले. एकाच वायरीची दोन टोके! तेव्हा मला तो टक्‌ आवाज आठवला आणि पोटात गोळा आला. मामाने वीज सुरू केली, एक संगणक लावला, दिवे पुन्हा वेड्यासारखे लुकलुकू लागले. मग त्याने ते टोक ओढून काढले. दिवे लगेच शांत झाले. एखादाच मधूनमधून चमके. धडा उघडला.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितले. गुरुजी मला घेऊन त्या मुलाच्या घरी गेले. त्याची आई चुलीपुढे होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "म्हंजी माझ्या पोरानं न्हाय ना मोडलं?" गुरुजी म्हणाले, नाही. ती म्हणाली, "मग झालं तर," आणि आम्हाला चहा ठेवला. मला तो चहा घशाखाली उतरेना.

आता एका वायरीची दोन टोके एकाच डबीत गेल्यावर सगळे बंद का पडावे? हे मला पुस्तकावरून कळले नसते. गुरुजींनी मामाला विचारून एक खेळ केला, त्यात कळले. तुम्हीही करून पाहा.

आठ जण गोल बसायचे. प्रत्येकाला बसल्या जागेचा नंबर, एक ते आठ. ही झाली स्विचची आठ भोके. प्रत्येकाला एक गुप्त नाव: आंबा, चिंच, बोर, जांभूळ, पेरू असे. मध्ये जो उभा राहील तो स्विच. त्याच्या हातात पाटी. त्याला कोणाचे नाव काय हे माहीत नाही. आम्ही स्विच त्याच पाचवीतल्या मुलाला केले.

चिठ्ठीवर वर लिहायचे 'कोणाकडून' आणि खाली 'कोणाला'. तीन नंबरने चिठ्ठी दिली: 'आंब्याकडून चिंचेला'. चिंच कोण, हे स्विचला ठाऊक नाही. मग तो काय करतो? चिठ्ठीच्या नकला काढून बाकीच्या सातही जणांना देतो. जी चिंच असेल ती ठेवून घेते, बाकीचे फेकून देतात. पण देण्याआधी तो पाटीवर लिहून ठेवतो: 'आंबा – ३'. कारण चिठ्ठी तीन नंबरकडून आली आणि वर आंबा लिहिले होते. आता चिंचेने उत्तर पाठवले, 'चिंचेकडून आंब्याला'. या वेळी तो सरळ तीन नंबरलाच देतो, दुसऱ्या कोणालाही नाही. शिवाय चिंच कुठे बसली आहे हेही त्याच्या पाटीवर येते. चार-पाच चिठ्ठ्यांत पाटी भरली आणि नकला काढण्याचे काम जवळपास संपलेच.

इथे आमच्या वर्गातल्या एकीने चांगली शंका काढली. पहिली चिठ्ठी चिंचेने ठेवून घेतली, तेव्हाच स्विचने तिचा नंबर का लिहिला नाही? कारण कोणी चिठ्ठी ठेवली आणि कोणी फेकली हे स्विचला दिसत नाही. तो फक्त येणाऱ्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचे नाव वाचतो. जो बोलला त्याचाच पत्ता त्याला कळतो. गप्प बसणारा त्याच्या लेखी खोलीत नाहीच. आणि जो बराच वेळ बोलला नाही त्याचे नाव तो पुसून टाकतो, बहुतेक स्विच पाच मिनिटांनी. नाही तर कोणी जागा बदलली तर चिठ्ठ्या जुन्याच जागी जात राहतील.

खऱ्या यंत्रांची नावे आंबा-चिंच नसतात. प्रत्येकाला कारखान्यातूनच बारा अक्षरांचा एक पत्ता मिळतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरे येतात. पहिली सहा अक्षरे कोणत्या कंपनीने बनवले ते सांगतात. आपल्या पांढऱ्या पेटीच्या पोटाखाली कागद चिकटवला आहे, त्यावर तो छापलेला आहे. असे एकूण २८१ लाख कोटींहून अधिक पत्ते होऊ शकतात. गुरुजींनी फळ्यावर हा आकडा मांडला तेव्हा तो पुसायला कोणी तयार होईना.

पूर्वी पाटी नसलेल्या डब्या असत, त्यांना हब म्हणत. हब प्रत्येक चिठ्ठी सर्वांना वाटत बसे. १९९० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने अशा जाळ्यासाठी अनेक भोकांचा स्विच बाजारात आणला. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक होते भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज. कंपनीचे नाव त्यांनी आपल्या पत्नीच्या नावावरून ठेवले होते: कल्पना. आमच्या वर्गात या नावाच्या दोघी आहेत. त्या दिवसापासून त्या जरा जास्तच ताठ बसतात.

आता खेळात माझी चूक घातली. सहा आणि सात नंबरला सांगितले, की तुमच्या हातात जे येईल ते दुसऱ्याला द्यायचे आणि त्याने ते लगेच स्विचला द्यायचे. ही झाली माझी वायर. मग एक नंबरने, तो पेरू होता, चिठ्ठी दिली: 'पेरूकडून सर्वांना'. अशा सर्वांना हाक मारणाऱ्या चिठ्ठ्या असतातच. संगणक सुरू झाला की तो पहिल्यांदा ओरडून विचारतो, "मला इथे कोणी नंबर देईल का?"

स्विचने नकला काढून सातांना दिल्या. सहाला दिलेली सातकडून परत आली. सातला दिलेली सहाकडून परत आली. स्विचला वाटले या नव्याच चिठ्ठ्या आहेत, कारण आलेली चिठ्ठी तो लक्षात ठेवत नाही. पुन्हा नकला, पुन्हा सर्वांना. एक चिठ्ठी सुलटी फिरतेय, एक उलटी, आणि प्रत्येक फेरीला सर्वांच्या मांडीवर कागद पडतोय. एवढ्यात बोराने आणखी एक 'सर्वांना' दिली. आता चार फिरू लागल्या. आणि पाटीचे काय झाले? 'पेरू – १' असे लिहिलेले पुसून त्याने 'पेरू – ७' लिहिले, ते पुसून 'पेरू – ६', पुन्हा ७. आता पेरूच्या नावाची खरी चिठ्ठी आली तरी ती पेरूकडे न जाता त्या वायरीच्या फेऱ्यातच जाऊन पडते. थोड्याच वेळात जुन्या वहीचे कागद संपले आणि तो मुलगा खाली बसून हसू लागला. बऱ्याच दिवसांनी हसला.

माणसाच्या हाताने हे एवढ्यावर भागले. शंभर मेगाबिटच्या वायरीतून लहानात लहान चिठ्ठ्या सेकंदाला सुमारे १ लाख ४८ हजार जाऊ शकतात. इंटरनेटच्या पाकिटांवर एक आकडा असतो. मुक्कामागणिक तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून देतात. आपल्या खोलीतल्या चिठ्ठीवर असा आकडा नसतो. ती वीज जाईपर्यंत किंवा वायर निघेपर्यंत फिरतच राहते.

म्हणजे बटण दाबणाऱ्याने काय केले? फास मी शनिवारीच घालून ठेवला होता. सगळे बंद असताना त्यात फिरायला चिठ्ठीच नव्हती, म्हणून तो दिसला नाही. सोमवारी पहिला संगणक सुरू झाला, त्याने रीतीप्रमाणे हाक मारली, आणि ती हाक फासात सापडली. बटण कोणीही दाबले असते, अगदी गुरुजींनी दाबले असते तरी हेच झाले असते.

मोठ्या कचेऱ्यांत मात्र मुद्दामच जादा वायरी टाकतात, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. मग त्यांचे बंद का पडत नाही? यावरचा उपाय अमेरिकेतल्या रेडिया पर्लमन या बाईंनी काढला. त्यांचा त्यावरचा लेख १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या रीतीने स्विच आपसात बोलून ठरवतात, की कोणत्या वायरी चालू ठेवायच्या आणि कोणत्या असूनही मिटून घ्यायच्या. चालू वायरी जोडल्या तर झाडाचा आकार होतो. आपल्या पटांगणातल्या चिंचेवर मुंगी एका शेंड्याहून दुसऱ्या शेंड्याला निघाली तर तिला वाट एकच, झाडाला फेरा नसतो. एखादी चालू वायर तुटली तर मिटलेली वायर उघडतात. पर्लमनबाईंनी या झाडावर एक कविताही केली आहे. आपली डबी साधी आहे, तिला ही विद्या नाही. म्हणून आपल्यालाच टोके मोजावी लागतात.

मामाने मला ती वायर कापून आतूनही दाखवली. आत तांब्याच्या आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला दोरीसारखा पीळ. पीळ सोडला तर शेजारच्या जोडीचे बोलणे हिच्यात ऐकू येते. टोक बसवताना रंग ओळीने लावायचे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मला पाठ झाले आहे. अशी वायर १०० मीटरपेक्षा लांब टाकत नाहीत. म्हणजे शाळेपासून ग्रामपंचायतीपर्यंत ती पुरणार नाही, हे समितीच्या सभासदांनी लक्षात घ्यावे, कारण तशी चर्चा ऐकली.

राहिली पांढरी पेटी. खेळात आम्ही तिला पाच नंबर दिला आणि तिच्या मागे चार मुले बसवली, ते टॅब. स्विचच्या पाटीवर पाचपुढे पाच नावे आली, पेटीचे एक आणि टॅबची चार. त्याला तेही चालते. एका भोकात एकच नाव पाहिजे असे नाही. सोमवारी टॅबही का बंद पडले ते यावरून कळेल. फासातली प्रत्येक 'सर्वांना' चिठ्ठी ही पेटी इमानाने हवेत ओरडून सांगत होती.

हवेत आणि वायरीत फरक हा, की वायर ज्याची त्याची असते आणि हवा सगळ्यांची. वर्गात दोघे एकदम बोलले तर दोघांचेही ऐकू येत नाही. म्हणून टॅब आधी कान देतो. कोणी बोलत नसेल तर थोडा थांबून बोलतो, आणि प्रत्येकजण वेगवेगळा वेळ थांबतो. स्वतः बोलताना त्याला दुसऱ्याचे ऐकू येत नाही, म्हणून चिठ्ठी पोचली की पलीकडून लगेच पोच यावी लागते. पोच आली नाही तर पुन्हा पाठवायची. चार टॅब एकदम चित्रफीत मागतात तेव्हा हळू चालतात ते यामुळेच.

मला वाटत होते आधी वायर निघाली आणि मग वायरलेस. तसे नाही. पॅसिफिक समुद्रात हवाई नावाची बेटे आहेत. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओने जोडली. पोच आली नाही तर प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा पाठवायचे, ही युक्ती तिथली. ती अभ्यासून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात वायरीच्या जाळ्याची योजना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर ते उभे केले. त्याला इथरनेट म्हणतात. आपल्या खोलीतल्या वायरी त्याच घराण्यातल्या. म्हणजे वायर बोलायला शिकली ती हवेकडून.

मामाने पेटीची जागाही बदलली. ती लोखंडी कपाटावर अगदी भिंतीला टेकून होती, आणि व्हरांड्यातले टॅब नेहमी कपाटाच्या सावलीत. सावली म्हणजे उन्हाची नव्हे, लहरींची. हे गणित आम्ही वर्गात केले. आपली पेटी सेकंदाला सुमारे २४० कोटी लहरी सोडते. लहर सेकंदाला ३० कोटी मीटर जाते. ३० भागिले २४० म्हणजे एक-अष्टमांश मीटर, साडेबारा सेंटिमीटर. कंपासमधल्या पट्टीपेक्षा थोडी लहान. एवढी लहर विटांच्या भिंतीतून थकत का होईना जाते, पण लोखंडी पत्र्यातून जात नाही, आदळून मागे फिरते. आणि पाणी ती पिऊन टाकते, म्हणून पिण्याच्या पाण्याची टाकीही मध्ये नको. आता पेटी खिडकीजवळ उंच खुंटीवर आहे. व्हरांड्याच्या टोकाला टॅबवर पूर्वी एक रेघ दिसे, आता तीन दिसतात.

हवेतले बोलणे भिंत ओलांडून पारापर्यंत जाते, म्हणून पेटीला पासवर्ड घातला आहे. तो घातल्यावर बोलणेही सांकेतिक लिपीत होते, बाहेरच्याला कळत नाही. सभेला येणाऱ्या पालकांनी कृपया तो मला विचारू नये. गुरुजींनी तो मलाही सांगितलेला नाही.

दुरुस्तीला गेलेला संगणक अजून यायचा आहे. त्याची वायर तशीच लोंबते आहे. पाचवीतल्या त्या मुलाने तिच्या मोकळ्या टोकाला चिंधी गुंडाळून ते टेबलाच्या पायाला बांधले आहे आणि वर पुठ्ठा अडकवला आहे. अक्षर त्याचेच आहे: 'हे टोक कुठेही घालू नये. विचारावे.' संगणक खोलीची किल्लीही आता सकाळी त्याच्याकडे असते. ज्यांना स्विच पाहायचा असेल त्यांनी त्याला सांगावे, तो दाखवील.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी